उतारावरची जागा सपाट करायची आहे : परवानगी कुणाची आणि आधी काय?

चाकरमानी_डोंबिवली
नमस्कार मंडळी.

राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित अकरा गुंठे वरकस (डोंगरउताराची हलकी) जागा आहे. रस्ता वरच्या अंगाला, तिथून जमीन उतरत खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाते. निवृत्तीला चार वर्षं आहेत, पण घर काही एका रात्रीत उभं राहत नाही, म्हणून आत्तापासून हालचाल सुरू केली आहे.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा एक जेसीबीवाला जागा बघून गेला. चपलेच्या टोकाने माती उकरली, बाजूला तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम. वरचं काढतो, खाली ढकलतो, क्रिकेटचं मैदान करून देतो. कागद कशाला, जमीन तुमचीच ना?" काका म्हणतात तहसीलदाराचा कागद हातात आल्याशिवाय मशीन उतरवायचं नाही. चुलतभाऊ म्हणतो गावात आजवर कुणी काढलाय कागद? तिघेही ठाम. मी मधल्या मध्ये.

तर माहीतगारांनी सांगावं : स्वतःच्या जागेत, स्वतःच्या घरासाठी, नुसती जमीन सारखी करायची तर परवानगी लागते का? एनए (बिनशेती परवानगी) आधी की हे आधी? आणि पावसाच्या आधी उरकून घ्यावं का?

खट्याळ_खवीस
जेसीबीची खुदाई म्हणजे आपल्याकडचा राष्ट्रीय मनोरंजनाचा कार्यक्रम. परवानगी नसली तरी प्रेक्षक भरपूर मिळतील.

शंकासूर
वाचतोय. आमची लांज्याला अशीच जागा आहे.

सातबारा
महसुलात तीस वर्षं काढली, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे काका बरोबर आहेत. जमीन तुमची असली तरी तिच्या पोटातलं खनिज सरकारचं, हा जमीन महसूल संहितेचा पाया आहे. कलम ४८ वाचा. मुरूम, माती, दगड, जांभा ही गौण खनिजं. विनापरवाना काढली तर ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ४८(८) प्रमाणे मशीन व गाड्या जप्त. २०१८ साली ठरवलेल्या रकमा बघा : ट्रॅक्टरला १ लाख, डंपरला २ लाख, पोकलेन किंवा लोडरला साडेसात लाख. जेसीबीवाला "कागद कशाला" म्हणतो खरा, पण मशीन तहसील कचेरीच्या आवारात उभं राहिलं की तो पहिला फोन तुम्हालाच करणार.

अर्ज तहसीलदारांकडे, गौण खनिजाच्या तात्पुरत्या परवान्यासाठी. सोबत सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा, चतुःसीमा, ग्रामपंचायतीची ना हरकत, सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती. मग तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतो, मंडळ अधिकारी अहवाल देतो, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघणार त्याचा अंदाज होतो आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून घेतात. २०२१ मध्ये दर ६०० रुपये ब्रास ठरला, वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे दहा टक्के. माती बाहेर जाणार असेल तर महाखनिज प्रणालीवरून वाहतूक पास. तोही गाडीगणिक.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो : मोजणी आधी. हद्द कायम न करता कटिंग केलेल्या जागांचे वाद मी इतके पाहिलेत की त्यावर वेगळा धागा निघेल.

शंकासूर
@सातबारा, माती प्लॉटच्या बाहेर नेलीच नाही तर? वरची काढली, खाली भरली. विकली नाही, रस्त्यावर आणली नाही. मग स्वामित्वधन कशाचं?

सातबारा
चांगला प्रश्न. याच मुद्द्यावर पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल लागला. केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने साधी माती गौण खनिज ठरते ती ठरावीक कामांसाठी वापरली तरच. पायासाठी खणलेली प्रत्येक घमेलाभर माती आपोआप गौण खनिज होत नाही, ती कशाला वापरली हे बघावं लागतं, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर २०१५ मध्ये राज्याने २०१३ च्या गौण खनिज नियमांत दुरुस्ती केली : जागा विकसित करताना निघालेली माती त्याच जागेत सपाटीकरणाला वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन नाही.

पण स्वामित्वधन नाही म्हणजे कळवायचंही नाही, असा अर्थ लोक काढतात. तसं करू नका. आधी अर्ज द्या, त्यात स्पष्ट लिहा की माती जागेतच वापरणार, आणि पोच घ्या. कुणी तक्रार केली तर पंचनाम्याच्या वेळी तो एक कागद तुम्हाला तारतो.

गावचा_पोर
एवढं काही नसतं हो. आमच्या वाडीत गेल्या पाच वर्षांत सात घरं झाली, सातही जणांनी जेसीबी लावला. कुणालाही नोटीस नाही. शहरात बसून कायदे वाचणाऱ्यांना गावचं वास्तव कळत नाही.

सातबारा
नोटीस कधी येते सांगू? शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं की. तोपर्यंत सगळं निवांत.

गावचा_पोर
हे मात्र खरं आहे 😄

चिरेबंदी
मी चिपळूणला सिव्हिलची कामं करतो. कागदांचं सातबारा साहेबांनी सांगितलंच आहे, मी जमिनीचं बोलतो. चाकरमानी, उतार मोजलात का? नसेल तर पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन काठ्या घ्या आणि रस्त्यापासून शंभर फुटांवर जमीन किती फूट खाली जाते ते सांगा. बाकी सगळं त्या एका आकड्यावर आहे.

चाकरमानी_डोंबिवली
भावाला फोन करून मोजायला लावलं. शंभर फुटांत सोळा फूट.

चिरेबंदी
म्हणजे साधारण १:६. थोडक्यात वाचलात. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कटिंग, सपाटीकरण, भराव यातलं काहीच मंजूर होत नाही. शंभरात वीस फूट असते तर हा धागाच निकालात निघाला असता. पण सगळ्या जागेची सरासरी धरून बसू नका, पऱ्याजवळ उतार वाढत असेल. तो भाग वेगळा मोजा.

आता हिशेब. समजा घरासाठी ६० बाय ४० चा सपाट तुकडा हवा, ४० फूट उताराच्या दिशेने. चाळीस फुटांत जमीन ६.४ फूट उतरते.

तुमचा जेसीबीवाला म्हणतो तसं सगळं कापून काढलं तर मागे साडेसहा फुटांची उभी दरड आणि साधारण ७७ ब्रास माती. ती बाहेर न्यायची तर ६०० च्या दराने नुसतं स्वामित्वधन ४६,२०० रुपये, वरचे दहा टक्के वेगळे. आणि ढकलून पऱ्यात टाकली तर त्याचं काय होतं ते जुलैत कळेल.

अर्धं कापलं, अर्धं भरलं तर कटिंग १९ ब्रास. मागची दरड सव्वातीन फूट, पुढचा भराव सव्वातीन फूट. बाहेर काही न्यायला नको. चौपट फरक, फक्त मशीन लावायच्या आधी कागदावर एक त्रिकोण काढल्यामुळे.

पण यात एक मेख आहे. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर आलं की भराव बसतो आणि घराला मधोमध तडा जातो. अशी घरं मी रोज बघतो. मालक म्हणतात सिमेंट खराब होतं. सिमेंट बिचारं चांगलंच असतं. पाया सगळीकडे मूळ जमिनीपर्यंत न्या, भरावावर फक्त अंगण ठेवा. आणि भराव म्हणजे ढीग ओतून वरून जेसीबी फिरवणं नव्हे. आधी वरची गवत-मुळ्यांची माती बाजूला काढा (ती परसात कामाला येते), उतारावर पायऱ्या कापा, मग वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर.

खट्याळ_खवीस
त्रिकोण काढून ५८ ब्रास वाचले. दहावीच्या भूमितीच्या बाईंना हा प्रतिसाद पाठवायला हवा. त्या म्हणायच्या, "पुढे उपयोगी पडेल", आम्ही हसायचो.

मालवणी_मनीस
माझी आजी एकच सांगायची : "पाणयाक वाट दी, नायतर ता आपली वाट आपण काढता."

आमच्या जुन्या घराच्या मागे, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) वरच्या अंगाला हातभर रुंद चर आहे. आजोबांनी खणलेला. दरवर्षी मिरग (मृग) लागायच्या आधी आम्ही पोरं त्यातला पातेरो (पालापाचोळा) काढायचो, शिव्या घालत घालत. शेजाऱ्यांनी २०१९ ला नवीन घर बांधलं, मागे जागा वाढवायची म्हणून चर बुजवला, वर पेव्हर ब्लॉक टाकले. त्या पावसात त्यांच्या स्वयंपाकघरात मागच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, आणि ऑगस्टात मागची दरड परसात आली. माणसं आत होती, नशीब. चुलीपर्यंत चिखल होता. लाल नव्हे हां, पांढरा-गुलाबी, साबणासारखा गुळगुळीत.

चिरेबंदी
@मालवणी_मनीस, तो पांढरा-गुलाबी चिखल हीच तर कोकणातल्या कटिंगची खरी गोष्ट. वर जांभा, कडक, त्यात पाणी सहज मुरतं. खाली ती चिकण माती, तिच्यातून पाणी पुढे जात नाही. मुरलेलं पाणी त्या दोघांच्या सांध्यावर साचतं आणि वरचा थर घसरायला जागा मिळते. उन्हाळ्यात कापलेली दरड भिंतीसारखी उभी राहते, मालक खूश. तीच दरड आषाढात बसते. म्हणून चाकरमानी, कटिंगमध्ये तसली गुळगुळीत माती दिसली की काम थांबवा आणि कुणा जाणकाराला दाखवा.

धारण भिंत बांधायची तर तिला पाणी जायची भोकं आणि मागे दगड-खडीचा थर हवाच. भिंत मातीमुळे सहसा पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्यामुळे पडते.

मुठेकाठी
पुण्यातून लिहितेय. २९ जून २०१९ ची रात्र आठवते का? कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, पंधरा जण गेले. खाली खोदकाम, वर भिंत, मध्ये पाऊस. घर बांधणाऱ्याच्या डोक्यात फक्त आपलं घर असतं, खड्ड्यात उतरून काम करणारा माणूस कुणाच्याच नकाशात नसतो. चाकरमानी, दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय मजूर आत उतरवू नका. आणि खणलेली माती चराच्या काठावर रचू नका. एवढं तरी ठेकेदाराला लिहून द्या.

रानजाई
कुणी झाडांचं बोललं नाही अजून. वरकस म्हणजे ऐन, किंजळ, एखादं आंब्या-फणसाचं झाड असणारच. खाजगी जागेतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं तोडायला वनखात्याची परवानगी लागते. जेसीबीवाला त्यांना "झुडपं" म्हणतो.

आणि परवानगीपेक्षा मोठा मुद्दा म्हणजे उतारावरची मुळं माती धरून असतात. माळीणला ३० जुलै २०१४ ला दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. प्रत्येक वेळी आपण आठवडाभर हळहळतो आणि पुन्हा डोंगर कापतो.

गावचा_पोर
अकरा गुंठ्यांतल्या घराची तुलना माळीणशी? जरा अतीच होतंय. इर्शाळवाडीत कुणी बंगले बांधत नव्हतं, ती गरीब ठाकर समाजाची वाडी होती.

रानजाई
इर्शाळवाडीचा मुद्दा मान्य. ती माणसं डोंगर कापत नव्हती, त्यांना त्या यादीत बसवणं माझं चुकलं. पण परशुराम घाटात कापलेल्या डोंगराचं पावसाळ्यात काय होतं ते आपण सगळ्यांनीच गाडीत अडकून बघितलंय. अकरा गुंठ्यांत तेच होतं, फक्त बातमी येत नाही.

गावचा_पोर
तिथे मी सहा तास अडकलो होतो. बाकी भांडण मागे घेतो.

म्हापशेकार
गोव्यात हे प्रकरण वेगळ्या खात्याकडे जातं. इथल्या नगर नियोजन कायद्यात १७-अ कलम आहे : डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी. म्हणजे प्रश्न "किती खनिज काढलं" हा नसतो, "जमिनीचा आकार का बदलता" हा असतो. अमलात किती येतं ते विचारू नका, रविवारी सकाळी डोंगर कापायची आमच्याकडे परंपरा आहे. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारला जातो.

सॅनहोजेकर
धागा वाचून आमच्या परसाची आठवण झाली. इकडे उतारावर घर आहे, मागे बसायला ओटा करायचा होता. कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी ५० घन यार्डांच्या वर माती हलवली की वेगळा परवाना लागतो, काही काउंटींत मर्यादा जास्त आहे. ५० घन यार्ड म्हणजे आपले साडेतेरा ब्रास! चिरेबंदींच्या १९ ब्रासवाल्या त्रिकोणालाही इथे परवाना लागला असता.

परवान्यात काय मागतात? आधीच्या आणि नंतरच्या उंचसखलपणाचा नकाशा, मातीचा अहवाल, पाणी कुठून कुठे जाणार त्याचे बाण. कापलेला उतार साधारणपणे दोनास एकपेक्षा (दोन फूट आडवं, एक फूट खाली) उभा नको. आणि इकडे पाऊस हिवाळ्यात, म्हणून अनेक काउंटींत १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल खास परवानगीशिवाय माती उकरायची नाही. खणायच्या आधी ८११ ला फोन, म्हणजे गॅस-पाण्याच्या नळांवर खुणा करून जातात. फोन फुकट आहे. बाकी कशालाच फुकट म्हणता येणार नाही. नकाशा-अहवालाचा खर्च ओट्यापेक्षा जास्त व्हायला लागला तेव्हा आम्ही ओटा लहान केला.

खट्याळ_खवीस
म्हणजे तिकडे लोक ओटा लहान करतात, इकडे डोंगर.

शंकासूर
पावसाचा मुद्दा चाकरमान्यांनी सुरुवातीलाच विचारला होता, कुणी उत्तर दिलं नाही. मे मध्ये उरकून घ्यावं का?

चिरेबंदी
मे मध्ये कटिंग करणं म्हणजे ताजी जखम पावसाला देणं. लोक तेच करतात, कारण चाकरमानी मे मध्ये सुट्टीवर असतात. दिवाळीनंतर मशीन लावा, जानेवारीपर्यंत भिंत आणि चर पुरा करा, उघड्या उतारावर गवत किंवा वाळा लावा. एक पावसाळा जाऊ द्या. भराव जिथे बसायचा तिथे बसतो. घर त्यानंतर. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, घाई कुणाला आहे? जेसीबीवाल्याला.

सातबारा
एनएचं राहिलं. मोजणी, मग बांधकाम परवानगीचा अर्ज आणि बिनशेतीचं जे काय तुमच्या जागेला लागू असेल ते. बिनशेतीचे नियम बदलत असतात, आत्ता काय लागू आहे त्याची तहसीलला चौकशी करा. नकाशा मंजूर झाला की जोत्याची पातळी कळते, आणि पातळी कळली की किती कापायचं ते कळतं. आधी सपाट करून मग नकाशा काढणारे दोनदा मशीन लावतात. राजापुरात गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे का तेही बघून घ्या.

चाकरमानी_डोंबिवली
(सहा महिन्यांनी वर काढतोय.)

सगळ्यांचे आभार. मोजणी झाली, आणि गंमत म्हणजे आमचा समज होता त्यापेक्षा हद्द रस्त्याच्या बाजूने चार फूट आत निघाली. जेसीबीवाल्याला मे मध्ये हो म्हटलं असतं तर सार्वजनिक रस्त्याची कड कापून बसलो असतो. काकांना फोनवर सांगितलं, तर ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं" मध्ये सगळं आलं.

नकाशा बदलला. घर आता दोन पातळ्यांवर आहे : झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर आणि पडवी चार पायऱ्या खाली. कटिंग आलं ११ ब्रास. माती सगळी जागेतच. पऱ्याजवळचा तुकडा मोजला तर तिथे १:४ निघाला, त्याला हातच लावत नाही, आहे तशी किंजळं राहू देत.

अर्ज दिला, पोच घेतली. पंचनाम्याला तलाठी आणि मंडळ अधिकारी आले, माणसं चांगली होती, चहा घेतला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : किती ब्रास आणि माती कुठे जाणार. पाणी कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही. मी मुद्दाम वाट बघत होतो. शेवटी मीच नकाशावरचा चर दाखवला, तर साहेब म्हणाले, "हे आमच्या नमुन्यात नाही हो, पण चांगलं केलंत."

सातबारा
खरं आहे. तीस वर्षं मी तोच नमुना भरला. त्यात तो रकाना नव्हता आणि मलाही कधी सुचलं नाही.

चिरेबंदी
चराचं तोंड कुठे सोडताय?

चाकरमानी_डोंबिवली
तिथेच अडलंय. पऱ्यात सोडायचा तर शेवटचे दहा-बारा फूट खालच्या शेजाऱ्यांच्या कोपऱ्यातून जातात. आमचं त्यांचं बोलणं आजोबांच्या काळापासून बंद आहे. कारण दोन्हीकडे कुणालाच आठवत नाही.

सातबारा
जाऊन बोला, आणि हो म्हणाले तर संमती लेखी घ्या. तोंडी संमती एका पिढीपुरती असते.

मालवणी_मनीस
चर बांधून देताना त्यांच्या बाजूची भिंतही चिऱ्याची करा. खर्च थोडा, पण त्यांच्या अंगणातलं पाणीही त्यातच जाईल. मग नाही कशाला म्हणतील?

खट्याळ_खवीस
आणि जाताना हापूसची पेटी न्या. पोच मात्र मागू नका.